न गायलेल्या गाण्याचं परीक्षण

आमच्या साप्ताहिकात १९९५ सालात एकशे बारा कार्यक्रमांच्या बातम्या आल्या, आणि ते एकशे बाराही उत्साहात पार पडले. मी तिथं प्रुफं तपासायचो, त्यामुळे प्रत्येक बातमी माझ्या डोळ्यांखालून दोनदा गेलेली. गायक असला तर श्रोते मंत्रमुग्ध, वक्ता असला तर भारावलेले, चित्रांचं प्रदर्शन असलं तर रसिकांची झुंबड. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत वर्षभरात एकही माणूस बेसूर गायला नाही आणि एकाचंही भाषण लांबलं नाही.

यात चमत्कार काही नव्हता. पेपर शुक्रवारी दुपारी छापायला जायचा आणि शनिवारी पहिल्या एसटीनं गावोगाव पोचायचा. कार्यक्रम मात्र बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी, नाहीतर शनिवारी. मग बातमी कधी लिहायची? तर गुरुवारी, कार्यक्रमपत्रिका समोर ठेवून. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, आभार, सगळी नावं पत्रिकेत असायचीच. 'होणार आहे' तिथं 'झाला' करायचं, की बातमी तयार.

आमचे संपादक सर्जेराव हे लोणी भापकरचे, घरचा ऊस, आवड पेपरची. ते म्हणायचे, "पत्रिकेत नाव छापलंय म्हणजे माणूस येतोच. न्हाय आला तर चूक त्याची, पेपरची न्हाय." अकरा वर्षांत तक्रार एकदाच आली. न आलेल्या पाहुण्याची नव्हे, आलेल्याची, नाव राहिलं म्हणून.

मेघना मिसाळ या पद्धतीत त्र्याण्णव साली रुजू झाली. इंदापूर तालुक्यातल्या कळसची, बी.ए. झालेली, बारामतीशेजारी जळोचीत एका खोलीत राहणारी. बोलणं कमी, बघणं जास्त. सर्जेरावांनी तिला सांस्कृतिक पान दिलं, कारण त्या पानावर कुणी भांडायला येत नाही.

तिचे वडील बाजीराव मिसाळ पाटबंधारे खात्यात नोकरीला. दोन एकर रानही होतं, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख गाण्याची. छप्पन्न साली घर बौद्ध झालं, तेव्हा त्यांच्या वडलांनी गायनपार्टी उभी केली होती, स्वतः रचलेली गाणी, स्वतःच्या चाली. बाजीरावांनी ती पुढं चालवली. पेटी ते स्वतः वाजवत, ढोलकीला पुतण्या धम्मदीप, जो एरवी शाळेत मास्तर, आणि मागं कोरसला चौघं. चौदा एप्रिलला कळसला बाजीरावांचं गाणं, हे कॅलेंडरात छापल्यासारखं ठरलेलं.

पंचाण्णव साली चौदा एप्रिल नेमका शुक्रवारी आला. मेघनानं रिवाजाप्रमाणं गुरुवारी बातमी लिहिली. पण या वेळी तिनं पत्रिकेतली नावं लिहून थांबायचं सोडून गाण्याचंच लिहिलं. दुसऱ्या कडव्याला वीज गेली, बाजीरावांनी बंद पडलेला माईक हातानं बाजूला सारला, आवाज वर नेला आणि तो अंधारातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. वृद्ध स्त्रिया डोळे पुसत होत्या. एकेक करून सगळा मंडप उभा राहिला. प्रूफ वाचताना मी पेन खाली ठेवलं.

"काय गं," मी म्हणालो, "उद्याची वीज तू आजच घालवलीस?"

ती लाजली. "तात्या, मी सात वर्षांची असताना असंच झालं होतं. अण्णांचं गाणं म्हटलं की मला तेच दिसतं."

ते तसंच छापलं.

शुक्रवारी संध्याकाळी कळसला वीज गेली नाही. गेला तो आवाज. बाजीरावांनी पहिलं कडवं कसंबसं ओढलं, दुसऱ्याला आवाज फुटला, खोकला आला, आणि त्यांनी पेटीचा भाता मिटून हात जोडले. पुढचा वेळ कॅसेट लावून निभावला. शनिवारी सकाळी पेपर पोचला. शेवटच्या रांगेत बसणाऱ्या छबूबाई, बाजीरावांच्या भावकीतल्या, त्यांनी तो कुणाकडून तरी वाचून घेतला आणि थेट दारात आल्या.

"बाजीराव, पेपरात लई गोड गायलास म्हनं. आमाला कवा ऐकवतुस?"

डॉक्टरांनी सांगितलं, घशातल्या तारांना घट्टे पडलेत. खालच्या पट्टीत गुणगुणा, वरच्या पट्टीचं विसरा. बाजीराव खालचं-वरचं दोन्ही विसरले. पेटी कापडात गुंडाळून माळ्यावर गेली. मेघना त्या दिवशी बारामतीच्या मिरवणुकीत होती, तिला रविवारी कळलं. त्या कात्रणाबद्दल अण्णा एक शब्द बोलले नाहीत. तीही बोलली नाही. मिसाळांच्या घरात न बोलण्याचं काम सगळे मन लावून करतात.

डिसेंबरात तिला पुण्याच्या एका इंग्रजी पेपरात जाहिरात दिसली. स्कॉटलंडात एडिंबरा म्हणून शहर आहे, तिथं उन्हाळ्यात दहा आठवडे कला आणि संस्कृतीची पत्रकारिता शिकवणार होते. छोट्या गावांतल्या पेपरांतली माणसं हवी होती. जाण्यायेण्याचं, राहण्याचं सगळं त्यांच्याकडं. अट एकच, स्वतः लिहिलेली तीन छापील परीक्षणं पाठवायची, इंग्रजी भाषांतरासकट. मेघना दोन वर्षांचे अंक घेऊन बसली. ज्या पानावर बघावं तिथं झुंबड आणि मंत्रमुग्ध. शेवटी एक चित्रप्रदर्शनाचं निवडलं, एक शाळेतल्या नाटकाचं, आणि तिसरं हातात धरून माझ्याकडं आली.

"तात्या, हे खोटं आहे. पण माझ्या हातनं बरं लिहून झालंय ते एवढंच."

"तिकडनं कोण कळसला विचारायला येतंय?" मी म्हणालो.

हा सल्ला माझा होता, हे इथं लिहून ठेवतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात निवडीचं पत्र आलं. सर्जेरावांनी पेढे वाटले, पहिल्या पानावर तिचा फोटो टाकला आणि 'लंडन' असा मथळा दिला. ते शेवटपर्यंत एडिंबराला लंडनच म्हणत राहिले. पत्र ऑफिसात सगळ्यांच्या हातांतून फिरलं. येणाऱ्या-जाणाऱ्या एकोणीस जणांनी ते वाचलं, असं मी मोजलं. पण आनंदाच्या पत्राचं दुसरं पान कुणी उलटत नाही. ते मेघनानं दोन दिवसांनी उलटलं.

त्यात लिहिलं होतं, आपलं कळसच्या गायनाचं परीक्षण समितीला फार भावलं, निवड मुख्यतः त्यावर झाली. पहिल्या दिवशी सगळे विद्यार्थी त्या गायनाची ध्वनिफीत ऐकतील आणि आपलं परीक्षण शेजारी ठेवून वाचतील. तरी ध्वनिफीत महिनाअखेरपर्यंत पाठवावी.

मेघनानं ते पान सर्जेरावांच्या टेबलावर ठेवलं.

"एवढंच ना?" सर्जेराव म्हणाले. "बाजीरावांची जुनी कॅसेट आसंल की. आवाज त्यांचाच. तितं कोण साल बघतंय?"

कळसला तलाठ्याच्या शेजारी फोन होता. तिथं निरोप देऊन लक्ष्मीबाईंना, मेघनाच्या आईला, बोलावून घेतलं. कॅसेट होती. म्हणजे होती कधीतरी. तिच्यावर धम्मदीपनं सातवीचे पाढे आणि कविता भरल्या होत्या.

"मग राहिला एकच रस्ता," सर्जेराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत एकदम तेज आलं, जे बातमी लिहिताना कधी येत नसे. "आपण बातमी कार्यक्रमाच्या आधी छापली. कार्यक्रम बातमीच्या नंतर करू. वर्षभर उशीर झाला, एवढंच."

मेघना नाही म्हणाली नाही. हेही लिहून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यावरून लोक तिला सोवळी समजतात. तिला जायचं होतं. जळोचीच्या खोलीत भिंतीला तिनं त्या शहराचा नकाशा लावला होता.

शनिवारी आम्ही तिघं कळसला गेलो. सर्जेरावांनी उंबऱ्यातच "जय भीम" घातला, गरजेपेक्षा थोडा मोठ्यानं. दुसऱ्यांदा आले तेव्हा बेताचा घातला. बाजीराव ओट्यावर बसले होते, उंच, हडकुळा माणूस, गळ्याला उन्हाळ्यातही मफलर. मेघनानं सगळं सांगितलं. सांगताना ती त्यांच्याकडं न बघता मफलरीकडं बघत होती.

"म्हंजे तुजं जानं माज्या गळ्यावर आडलंय?" बाजीराव म्हणाले.

"तुमच्या गळ्यावर नाही, अण्णा. माझ्या लिहिण्यावर."

"एकच झालं." त्यांनी मफलर सारखी केली. मग आत बघून म्हणाले, "लक्ष्मे, पेटी काढ खाली."

"डाक्टरनी काय सांगितलंय?" लक्ष्मीबाई आतून.

"डाक्टरला लंडनला जायाचं न्हाय."

"एडिंबरा," मेघना म्हणाली.

"तितंबी जायाचं न्हाय त्याला."

रविवारी सकाळी नऊ वाजता विहारासमोर मांडव घातला. सत्तर-ऐंशी माणूस जमलं. मिसाळांच्या पोरीचं परदेश अडलंय म्हटल्यावर मराठा आळीतलीही दहाबारा आली. सर्जेरावांनी कात्रण पुठ्ठ्यावर चिकटवून आणलं होतं आणि ते हातात धरून त्यांनी सूचना द्यायला सुरुवात केली. बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर माझ्याकडं होता.

"नीट ऐका. मी रुमाल हलवला की वीज गेली असं समजायचं. बाजीराव माईक सारतील. आवाज वर गेला की उठायचं. पण एकदम न्हाय. 'एकेक करून' असं छापलंय."

"आन मी कवा उठू?" छबूबाईंनी शेवटच्या रांगेतून विचारलं. "माजं गुडघं धरल्यात."

"तुमी उठू नका. तुमी डोळं पुसा. 'वृद्ध स्त्रिया डोळे पुसत होत्या.'"

"वृद्ध कोन?"

"मावशी, पेपरात हाय."

"आन डोळं कशापायी पुसायचं? बाजीराव काय मेलाय व्हय?"

मांडव हसला. बाजीरावही हसले, आणि त्या हसण्यातच त्यांना खोकला आला. मेघना बाजूला वही घेऊन बसली होती. सर्जेरावांनी तिला काम दिलं होतं, कात्रणातली एकेक गोष्ट घडली की तिच्यापुढं बरोबरची खूण करायची.

बाजीरावांनी वडलांचंच गाणं घेतलं, पाण्याचं. "पानी घेतलं ओंजळीत, ओंजळ माजी मानूस झाली." काळी चारला, म्हणजे चढ्या पट्टीत पेटी लावली, वर्षानुवर्षं लावायचे तशी. पहिलं कडवं निभावलं. धम्मदीपची ढोलकी चांगली वाजत होती, जरा पळत होती, पण तो मास्तर आहे, तास लवकर संपवायची सवय. दुसरं कडवं आलं. सर्जेरावांनी रुमाल हलवला. बाजीरावांनी माईक सारला, छाती भरून घेतली आणि आवाज वर टाकला.

तो तिथंच फुटला. मडकं फुटावं तसा नाही; जुनं धोतर फाटतं तसा, लांबवर.

आणि मांडव उठला. एकेक करून, पुठ्ठ्यावर होतं तसा, पहिल्या रांगेतला पहिला, मग दुसरा. सांगितल्याबरहुकूम माणसं उभी राहत होती आणि पुढं एक माणूस तोंड उघडं ठेवून आवाजाची वाट बघत होता. पंधरा-वीस जण उठले असतील. माझ्या हातात टेप फिरत होती आणि मला वाटलं, बंद करावी.

बाजीरावांनी हात वर केला.

"बसा खाली," ते म्हणाले. "आजून मी वर गेलोच न्हाय. आन जानारबी न्हाय."

लोक बसले. बाजीरावांनी मफलर काढून मांडीवर ठेवली. पेटीवर बोटं खाली सरकवली आणि तेच कडवं अगदी खालच्या पट्टीत घेतलं, गाणं आणि बोलणं यांच्या मधल्या जागेत. समोर बसलेल्या माणसाशी पाण्याबद्दल काही सांगावं, तसं. पुढच्या दोन रांगांना ऐकू येत होतं. मागच्यांना नाही.

"काय म्हनतुय?" छबूबाई.

"गातोय."

"मला काय आयकू येईना. ए, सरका पुढं."

आणि शेवटची रांग उठली. उभं राहायला नव्हे, जवळ यायला. सतरंज्या ओढल्या, चटया ओढल्या, बायका गुडघ्यांवर हात देत, एकमेकींच्या पदरावर पाय देत पुढं सरकल्या. मराठा आळीतली माणसं कडेला उभी होती, ती खाली बसली. सगळा मांडव एका खळ्याएवढ्या जागेत गोळा झाला. सर्जेराव पुठ्ठा घेऊन एकटेच मागं राहिले, मग तेही पुढं आले. बाजीरावांनी उरलेली चारही कडवी तशीच म्हटली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायच्या की नाही हे कुणाला कळलं नाही.

मी मेघनाकडं बघितलं. खुणा पहिल्या तीन ओळींपुढं होत्या. खाली पान भरून लिहिलेलं होतं.

"बोंबललं," सर्जेराव टेप ऐकून म्हणाले. "नुसत्या चटया वाजत्यात. आन मावशींचं 'सरका, सरका' बाजीरावांपेक्षा मोठ्यानं आलंय. पुढच्या रविवारी परत घेऊ."

"नको, भाऊ," मेघना म्हणाली. "हीच पाठवते. हिचंच परीक्षण लिहिते. आणि पहिलं पत्रिकेवरून लिहिलं होतं, हेही कळवते."

सर्जेरावांनी टेप बंद केली. "मग तुझं जाणं गेलं, असं समज."

"समजले."

"आन पेपरची अब्रू?" त्यांनी जरा विचार केला. "हे बघ, कळवायचं तर इंग्रजीत कळव. मराठीत कशाला?"

"मराठीतच आधी छापायला पाहिजे. खोटं मराठीत छापलं होतं."

सर्जेराव जीपमध्ये जाऊन बसले. मला मेघनानं थांबवून घेतलं. जेवणं झाली. दुपारी कडुनिंबाखाली बाजेवर बाजीराव, खाली आम्ही. मेघनानं वही उघडली आणि वाचायला लागली. वाचायच्या आधी ती एकदा उठून पाणी पिऊन आली.

"मिसाळ यांचा आवाज आता वरच्या पट्टीत जात नाही," तिनं वाचलं. "दुसऱ्या कडव्याला तो फुटला. लोक ठरवून आल्याप्रमाणं उभे राहिले आणि त्यांना खाली बसावं लागलं. मिसाळ माझे वडील आहेत, हे वाचकांना माहीत असलेलं बरं..."

"हे कशापायी लिवायचं?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "फुटला म्हनं. बापाचा आवाज फुटला म्हनून पेपरात?"

बाजीरावांनी हातानंच त्यांना थांबवलं. मेघनानं पुढचं वाचलं, खालच्या पट्टीचं, सतरंज्यांचं, गाणं ऐकायला लोकांनी स्वतः केलेल्या हालचालीचं. एके ठिकाणी तिनं लिहिलं होतं की शेवटची दोन कडवी लांबली आणि गायकाचं लक्ष शब्दांपेक्षा श्वासाकडं होतं. तिथं तिचा स्वतःचा आवाज अडखळला, पण तिनं ती ओळ वगळली नाही. वाचून झाल्यावर ती मान वर करेना.

बाजीराव बाजेच्या सुतळीत बोट घालून बसले होते.

"गेल्या साली पेपर आला," ते म्हणाले, "तवा मी हितंच बसलो व्हतो. वाचला. वाटलं, माज्या पोरीनं दुसराच कोनतरी बाजीराव उभा केला आन त्याला गायला लावलं. त्यो लई भारी गायला. मग माजी काय गरज? पेटी बांधून ठिवली." त्यांनी वहीकडं बोट केलं. "ह्याच्यात निदान मी हाय."

मेघना रडली. लक्ष्मीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "वरसभर हे बोलायला काय झालं व्हतं?"

"तिनं कुठं इचारलं?" बाजीराव म्हणाले. मग मेघनाला, "एक दुरुस्त कर. मी पेटी पांढरी एकला घेतली लिवलंस. काळी एकला घेतली व्हती. चूक नगं जायाला."

सोमवारी मेघनानं टेप, नवं परीक्षण आणि एका पानाचं पत्र बांधून पाठवलं. पत्रात काय होतं ते मी वाचलं आहे, कारण स्पेलिंगं मी बघितली. तिनं आमच्या पेपरावर काही ढकललं नव्हतं, माझ्या सल्ल्याचाही उल्लेख नव्हता. 'मी लिहिलं, मला माहीत होतं, मी पाठवलं.' एवढंच.

मराठी परीक्षण सर्जेरावांनी तीन अंक दाबून ठेवलं. चौथ्या वेळी स्वतःच टेबलावर आणून टाकलं, तिसऱ्या पानासाठी, आणि वर चौकटीत स्वतःच्या हातानं लिहून दिलं: 'गतवर्षीचे वृत्त कार्यक्रमापूर्वीच लिहिलेले होते. तसे घडले नव्हते. दिलगीर आहोत.'

"तात्या," ते मला म्हणाले, "'दिलगीर' शब्द आपल्याकडं आजपर्यंत कधी छापला होता का?"

"नाही."

"मग ऱ्हस्व-दीर्घ नीट बघा."

एप्रिल सगळा वाट बघण्यात गेला. नकाशा मेघनानं भिंतीवरून काढला नाही, पण त्याच्यापुढं कपड्यांची दोरी बांधली. मेच्या चार तारखेला बारामती स्टँडासमोरच्या एसटीडी बूथवर फॅक्स आला. बूथवाल्यानं तो आम्हाला कळवायच्या आधी स्वतः वाचला, पण इंग्रजी असल्यानं त्याचा चेहरा काही सांगत नव्हता. मेघनानं या वेळी सुरुवात शेवटच्या पानापासून केली.

तिचं पहिलं परीक्षण बाद केलं होतं. समितीत दोघं तिला घेऊ नये म्हणाले होते, तिघं घ्यावं. तेव्हा यावं. पण पहिल्या दिवसाचा पाठ बदलणार नाही. टेप वाजेल, दोन्ही परीक्षणं वर्गापुढं ठेवली जातील, आणि पहिलं कसं लिहिलं गेलं, हे तिनं उभं राहून सांगायचं.

"ही शिक्षा झाली की," सर्जेराव म्हणाले.

"शिक्षा कसली, भाऊ? हाच तर अभ्यासक्रम आहे," मेघना म्हणाली. पण ते शेवटचं वाक्य तिनं पुन्हा एकदा वाचलं.

ती जूनच्या पहिल्या आठवड्यात गेली. तिचं पत्र जुलैत आलं, जाड, कळसच्या पत्त्यावर. लक्ष्मीबाईंनी निरोप पाठवला म्हणून मी गेलो; इंग्रजी पानं आहेत, वाचायला या.

मराठी भाग तिनं घरच्यांना लिहिला होता. तिथं संध्याकाळी साडेदहापर्यंत उजेड असतो. रोज दुपारी एक नाटक, नाच किंवा चित्रं दाखवतात आणि बाहेर आल्यावर तासाभरात लिहून मागतात. नाटकाबरोबर सुंदर छापील पुस्तिका मिळते, सगळ्यांची नावं, कथा, काय समजायचं तेसुद्धा. शिकवणाऱ्या बाई दारात उभ्या राहून ती काढून घेतात. 'पहिल्या आठवड्यात मला एक ओळ सुचली नाही,' तिनं लिहिलं होतं. 'तात्यांना सांगा, ही सवय इथं माझ्या एकटीचीच नाही. पोलंडचा एक जण आहे, तोही पत्रिकेवरूनच लिहायचा.'

पहिल्या दिवसाबद्दल चारच ओळी होत्या. ती उभी राहिली, सांगितलं, कुणी हसलं नाही. मग टेप लावली. अठरा माणसं, बारा देशांची, भाषा एकालाही येत नाही. सगळ्यांना तासाभरात त्या गाण्यावर लिहायला लावलं. त्यांतली चार परीक्षणं तिनं सोबत जोडली होती.

मी एकेक मराठीत करून वाचायला लागलो. बाजीराव बाजेवर, लक्ष्मीबाई उंबऱ्यात, धम्मदीप शाळेतून आलेला, ढोलकीच्या दोऱ्या आवळत बसलेला. पहिल्या बाईंनी लिहिलं होतं की मधे जी स्त्री ओरडते ती या गाण्याची दुसरी गायिका असावी. हे छबूबाईंना सांगायचं नाही, असं तिथल्या तिथं ठरलं. पोलंडवाल्यानं लिहिलं होतं, आवाज थकलेला आहे पण खोटा नाही. बाजीरावांनी मान हलवली, जणू पगाराची पावती बरोबर निघाली.

चौथं एका तरुण मुलीचं होतं, घाना देशातल्या. ती स्पष्ट होती. शेवटची कडवी फार लांबली, असं तिनं लिहिलं होतं. गायक थांबायला घाबरतो, कारण थांबला तर पुन्हा सुरू करता येईल याची त्याला खात्री नाही.

मी वाचायचा थांबलो. हे वाचायला नको होतं, असं मला वाटलं.

बाजीराव उठले. आत जाऊन पेटी घेऊन आले, बाजेवर ठेवली आणि भाता सोडून काळी एकवर बोट ठेवून बघितलं.

"कागद घ्या, तात्या," ते म्हणाले. "तिला लिवायचंय."

"मेघनाला?"

"न्हाय, त्या पोरीला. मेघना देईल करून इंग्रजीत. लिवा. कडवी लांबली, कबूल. भ्यालो व्हतो, तेबी कबूल. पन पयल्या कडव्याला ढोलकी पळत व्हती, त्याचं तिनं एक अक्षर कसं लिवलं न्हाय?"

"काका!" धम्मदीप म्हणाला.

"गप. तुझ्यावर कोनीच कायी लिवत न्हाय, म्हनून पळतुस." आणि मला, "लिवलं का? आता पुढं लिवा, की पुढच्या पौर्णिमेला दोन कडवी कमी करनार हाय. पाठवतो म्हनावं टेप. मग लिव म्हनावं."

धम्मदीपनं ढोलकी मांडीवर ओढली. "पळत न्हवती," तो म्हणाला. "म्हना आता, बघू."

बाजीरावांनी खाकरून घसा साफ केला आणि खालच्या पट्टीत सुरुवात केली. मी लिहिता लिहिता बाज थोडी जवळ ओढून घेतली.